आधी हक्क, मग अनुदान!



यंदा उन्हाळ्यापासून आपल्या भागात दोन नवीन शब्द फिरत आहेत. एक ‘हवामान बदल’ आणि दुसरा ‘लहान अनुदान’. गाडीतून माणसं येतात, पाड्यावर मीटिंग लावतात, बायांना पुढं बसवून फोटो काढतात. सांगतात की जगाचं तापमान वाढतंय, पावसाचा नेम राहिला नाही, आणि त्याच्यावर उपाय गावानेच करायचा आहे. त्यासाठी परदेशातून आणि कंपन्यांकडून थोडा पैसा आलाय. रोपं मिळतील, सोलर दिवे मिळतील, बिनधुराची चूल मिळेल, एखादा बंधारा होईल. गावाने फक्त एक ठराव द्यायचा.

आपल्या संघटनेच्या पाच-सहा पाड्यांवर अशा मीटिंगा झाल्या. दोन ठिकाणी ठरावाचा कागद ठेवून गेलेत. आठ दिवसांत सह्या-अंगठे करून ठेवा, नाहीतर पैसा दुसऱ्या गावाला जाईल, असंही सांगून गेले. तो कागद आम्ही शिकलेल्या पोरापोरींनी रात्री बसून वाचला. अडलं तिथं वकिलाला विचारलं. वाचून झाल्यावर गप्प बसणं शक्य नव्हतं, म्हणून हे लिहितो आहोत. ज्यांना वाचता येत नाही त्यांना कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवा.

कागदात काय लिहिलंय?

कागद बारा पानांचा आहे. अकरा पानं इंग्रजीत. मराठीत एकच पान, आणि ते सहीचं! मीटिंगमध्ये जे तोंडी सांगितलं ते पहिल्या दोन पानांत आहे. जे सांगितलं नाही ते पुढं आहे. त्यातल्या चार गोष्टी नीट ऐका.

पहिली गोष्ट जमिनीची. रोपं लावायची ती जागा ‘वनविभागाच्या ताब्यातील निकृष्ट वनक्षेत्र’ आहे असं लिहिलंय, आणि ग्रामसभा हे मान्य करते असं खाली लिहिलंय. ही जागा कोणती? वरचा माळ. तिथं आपल्या लोकांचे प्लॉट आहेत. नागली, वरई, उडीद, खुरासणी तिथंच पिकते. तिथल्या प्लॉटचे दावे उपविभागीय समितीत वर्षानुवर्षं पडून आहेत. ज्यांना पट्टा मिळाला त्यांना दोन एकर कसतात आणि कागद दहा गुंठ्यांचा, असा मिळाला. बाकीच्या जमिनीसाठी आपण अजून भांडतोच आहोत. दाव्यात आपण लिहून दिलंय की १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून ही जमीन आम्ही कसतो आणि हे जंगल आम्ही राखतो. आता त्याच ग्रामसभेने, त्याच शिक्क्याने लिहून द्यायचं की ही वनविभागाची निकृष्ट जमीन आहे? उद्या हाच ठराव आपल्या दाव्याच्या फाईलला टाचणी लावून जोडला जाईल. साहेब म्हणेल, तुमच्याच ग्रामसभेने लिहून दिलंय, आम्ही काय करणार?

हे आम्ही उगाच भीती घालायला सांगत नाही. १३ फेब्रुवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टाने ज्यांचे दावे नामंजूर झालेत त्यांना जमिनीवरून काढा असा हुकूम दिला होता. देशभर आदिवासी रस्त्यावर आले, तेव्हा २८ फेब्रुवारीला त्या हुकमाला स्थगिती मिळाली. म्हणजे ‘मंजूर’ आणि ‘नामंजूर’ या एका शब्दावर लाखो घरं टांगलेली आहेत. अशा वेळी आपल्या हाताने आपल्याच विरुद्ध पुरावा तयार करायचा का?

दुसरी गोष्ट वापराची. रोपं लावलेल्या जागेत पाच वर्षं चराई बंद, फांदी-पाला तोडणं बंद, राब बंद. मग गुरं कुठं न्यायची? भाताच्या रोपासाठी राब कशाने भाजायचा? याचं उत्तर बारा पानांत कुठंही नाही.

तिसरी गोष्ट पैशाची. पैसा संस्थेच्या खात्यात येणार, संस्थाच खर्च करणार. गावाने खड्डे खोदायचे, दगड वाहायचे, रोपांना पाणी घालायचं. त्याला नाव दिलंय ‘लोकसहभाग’. या फुकट मजुरीची किंमत काढून ती गावाचा हिस्सा म्हणून हिशेबात दाखवणार. म्हणजे घाम आपला आणि खातं त्यांचं. शिवाय देखरेखीला ग्रामसभा नाही. सात जणांची नवीन ‘पर्यावरण समिती’ नेमायची, तीही संस्था सांगेल त्या माणसांची.

चौथी गोष्ट कार्बनची. ही सगळ्यात बारीक अक्षरात आहे. झाडांमुळे जो कार्बन धरला जाईल त्याची नोंद करण्याचा आणि ती नोंद दुसऱ्याला देण्याचा अधिकार संस्थेला राहील, असं लिहिलंय. याचा अर्थ समजून घ्या. झाड वाढतं तेव्हा ते हवेतला धूर-वायू आपल्या लाकडात साठवतं. शहरातली कंपनी कोळसा जाळून धूर सोडते. तिला कोणी विचारलं, तर ती कागद दाखवते की आम्ही धूर सोडला खरा, पण अमक्या पाड्याच्या माळावर तेवढा धूर झाडांनी धरलाय, हिशेब मिटला. त्या कागदाला बाजारात किंमत आहे. माळ आपला, राखण आपली, आणि विकायचा हक्क आपण एका सहीत देऊन टाकायचा. बदल्यात रोपं आणि दिवे.

हा पैसा येतो कुठून?

ही योजना आजची नाही. १९९२ साली ब्राझीलमध्ये रिओ शहरात सगळ्या देशांची पर्यावरणाची मोठी परिषद झाली. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या मार्फत गावपातळीच्या लहान अनुदानांचा कार्यक्रम सुरू झाला. त्यात एका प्रकल्पाला बराच काळ जास्तीत जास्त ५० हजार डॉलर देता येत होते. आजच्या भावाने चाळीस लाखांच्या वर. त्यानंतर बँका, कंपन्या, परदेशी ट्रस्ट अशा अनेकांनी तसलीच अनुदानं काढली. काही ठिकाणी त्यातून चांगली कामं झाली हे आम्ही नाकारत नाही.

पण मोठ्या लोकांचा मोठा हिशेबही बघा. श्रीमंत देशांनी २००९ साली कोपनहेगनला कबूल केलं होतं की २०२० पर्यंत गरीब देशांना दर वर्षी १०० अब्ज डॉलर देऊ. ती मुदत त्यांनी पाळली नाही. २०२१ साली ग्लासगोच्या परिषदेत काही सरकारांनी आणि ट्रस्टांनी जाहीर केलं की जंगल राखणाऱ्या आदिवासींना १.७ अब्ज डॉलर देऊ. पहिल्या वर्षी जे पैसे दिले त्यातले फक्त ७ टक्के थेट आदिवासींच्या संघटनांच्या हातात पडले. हे त्यांच्याच अहवालात छापलंय. बाकीचे मधल्या मोठ्या संस्थांकडून, सरकारांकडून, सल्लागारांकडून फिरत राहिले. आपल्याकडे म्हणतात, पाट लांब असला की पाणी मधेच मुरतं.

आपल्या देशात त्या पाटाला आणखी एक दार बसवलंय. परदेशी देणगी घ्यायची तर संस्थेची नोंदणी लागते, दिल्लीची परवानगी लागते. २०२० साली त्या कायद्यात बदल केला. आता परवानगी असलेली संस्था तो पैसा दुसऱ्या कुठल्याही संस्थेला किंवा गटाला पुढे देऊ शकत नाही. म्हणजे परदेशी देणगीचा पैसा गावाच्या नावाने येऊ शकतो, पण गावाच्या खात्यात जाऊ शकत नाही. संस्थेला वाटलं तरी देता येत नाही. म्हणून संस्थावाल्यांशी भांडताना हे लक्षात ठेवा. त्यातले काहीजण मनाने चांगले आहेत. पण व्यवस्थाच अशी केली आहे की नाव गावाचं आणि चावी दुसऱ्याची.

ऊन कोणी वाढवलं?

मीटिंगमध्ये आम्हाला सांगितलं की तुम्ही राब भाजता, चुलीत लाकूड जाळता, त्याने हवामान बिघडतं. हे ऐकून आमच्या एका पाड्यावरची आजी उठून म्हणाली, “आमचे चुलीचा धूर मोजाला आला, त्या रस्त्याचे गाड्यांचा धूर कोन मोजील?” त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. आपण ते उत्तर देऊ.

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरावर पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तरी फेब्रुवारी-मार्च आला की विहिरी आटतात, टँकर लागतो, बाया रात्री दोन वाजता झऱ्यावर नंबर लावतात. पाणी जातं कुठं? तानसा धरण १८९२ सालचं. मोडकसागर १९५७ सालचं. नंतर अप्पर वैतरणा, भातसा, मध्य वैतरणा. ही सगळी धरणं आपल्या डोंगरांच्या पायथ्याला, आदिवासींच्या जमिनी बुडवून बांधलेली. पाणी पाइपातून मुंबईला जातं. त्या पाइपाच्या शेजारच्या पाड्यातली बाई डोक्यावर हंडा घेऊन चालते. मुंबईने शंभर-सव्वाशे वर्षं आपलं जंगल आणि पाणी वापरलं. त्याचं भाडं कोणी दिलं?

आता पालघर जिल्ह्यातून बुलेट ट्रेन चालली आहे. तिच्यासाठी मुंबई, ठाणे आणि पालघरमधली सुमारे वीस हजार तिवरं तोडायला मुंबई हायकोर्टाने डिसेंबर २०२२ मध्ये परवानगी दिली. डहाणूजवळ वाढवणला समुद्रात भराव टाकून बंदर होणार आहे. जून २०२४ मध्ये केंद्र सरकारने त्याला मंजुरी दिली, खर्च ७६ हजार कोटींच्या वर. मच्छीमार आणि आदिवासी विरोध करत आहेत. ७६ हजार कोटींचा भराव टाकणाऱ्याला कोणी विचारत नाही की तुझ्यामुळे हवामान बिघडतं का. आपल्याला मात्र दोन हजार रोपं देऊन शिकवतात की पृथ्वी कशी वाचवायची!

जंगल विरळ झालं हे खरं आहे. आम्हीही बघतो. पण ते कोणी केलं? कूप पाडून लाकूड कोणी नेलं? १९७४ साली सरकारने वनविकास महामंडळ काढलं. त्या महामंडळाने ठिकठिकाणी मिश्र जंगल साफ करून सागाच्या ओळी लावल्या. सागाखाली शेवळं येत नाहीत, कडूकंद येत नाही, गुरांना चारा होत नाही. जिथं मोह, आंबा, ऐन, हिरडा, करवंद सगळं मिळून उभं होतं तिथं एकाच जातीची रांग उभी केली. आणि चोर कोण ठरला? कुऱ्हाड घेऊन सरपणाला गेलेला आदिवासी.

आपल्या माणसांनी मोह कधी तोडला नाही. तोडायचा नसतो. देवराईतली काटकीही घरी आणायची नाही, हा नियम कोणत्याही अनुदानाने शिकवला नाही. वाघबारशीला वाघदेवाला मान देतो, कारण रानात आपण एकटे राहत नाही हे आपल्याला माहीत आहे. कंद काढताना वरचा कोंब परत मातीत पुरतो, म्हणून पुढच्या साली कंद मिळतो. राबासाठी ऐनाच्या फांद्या छाटतो, झाड पाडत नाही. तेच झाड आजोबांनी छाटलं, तेच बापाने, तेच आपण. झाड अजून उभं आहे. हवामानाचं काम म्हणतात ते हेच आहे. फक्त आपण त्याला कधी प्रकल्प म्हटलं नाही आणि बोर्ड लावला नाही.

“आलेलं कशाला नाकारता?”

हा प्रश्न आपलीच माणसं विचारतात, आणि रागाने नाही, गरजेने विचारतात. एक काका म्हणाले, “बंधारा झाला तर आपलाच ना? दिवाळीनंतर सगळा पाडा वीटभट्टीवर जातो. पाणी असतं तर अर्धी माणसं गावात राहिली असती.” काकांचं खरं आहे. बंधारा आम्हालाही पाहिजे. दिवा आम्हालाही पाहिजे. पोरं अंधारात अभ्यास करतात हे आम्हाला कोणी सांगायला नको, आम्ही तसाच अभ्यास करून बारावी झालो.

पण दोन गोष्टींचा विचार करा.

पहिली, या पैशाचा आकार. समजा दहा लाखांचा प्रकल्प आहे, तीन वर्षांचा, आणि गावात तीनशे घरं आहेत. एका घराच्या वाट्याला तीन वर्षांत ३,३३३ रुपये. वर्षाला ११११. त्यातून संस्थेचा पगार, गाडीचं डिझेल, प्रशिक्षणाचं जेवण, अहवालाची छपाई, बोर्ड वजा करा. काय उरेल ते तुम्हीच मोजा. याच्यासाठी शेकडो एकर जंगलाचा हक्क धोक्यात घालायचा?

दुसरी गोष्ट अशी की जे अनुदान म्हणून देतात त्यातलं बरंच आपल्याला हक्काने मिळायला पाहिजे. बंधारा, बांध, तळं, झाडं लावणं ही रोजगाराच्या कामातून करून घ्यायची कामं आहेत. खड्डा खोदला की मजुरी, हा महाराष्ट्राचा जुना कायदा, १९७७ सालचा. मग त्याच खड्ड्यासाठी श्रमदान का? पेसा कायदा १९९६ चा, त्याचे महाराष्ट्राचे नियम २०१४ चे. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेचा ५ टक्के अबंध निधी पेसा गावांना थेट मिळतो. तो कशावर खर्च करायचा ते ग्रामसभेने ठरवायचं, आणि त्यात जलसंधारण आणि वनउपजीविका हेही विषय आहेत. तुमच्या गावाचा तो निधी किती आला, कुठं गेला, कोणी विचारलंय? आधी ते विचारा. वनहक्काच्या सुधारित नियमांत २०१२ साली स्पष्ट लिहिलंय की ज्यांना हक्क मिळाला त्यांना जमीन सुधारण्यासाठी आणि उपजीविकेसाठी सरकारच्या सगळ्या खात्यांनी योजना द्यायच्या. ते उपकार नाहीत.

आणि मोठा पैसा तर आपल्याच जंगलाचा आहे. खाण, रस्ता, धरण, कारखाना यासाठी जंगल गेलं की कंपनी भरपाई भरते. त्या भरपाईचा निधी वर्षानुवर्षं साठला होता. २०१६ साली त्याचा कायदा झाला. ऑगस्ट २०१९ मध्ये केंद्राने राज्यांना ४७ हजार कोटींच्या वर रक्कम दिली. त्यातले ३,८४४ कोटी महाराष्ट्राला मिळाले. हा पैसा वनविभागाकडे जातो. त्या कायद्यात ग्रामसभेची संमती बंधनकारक नाही. आपलं जंगल कापून आलेल्या पैशातून आपल्याच प्लॉटवर झाडं लावायची आणि कुंपण घालायचं, असं अनेक ठिकाणी आदिवासींनी भोगलंय. ३,८४४ कोटींच्या निधीत आपल्याला विचारत नाहीत, आणि दहा लाखांच्या प्रकल्पात ‘लोकसहभाग’ मागतात!

आता त्यात आणखी एक भर पडली आहे. २०२३ साली केंद्राने ‘ग्रीन क्रेडिट’चे नियम काढले. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याची पद्धत जाहीर केली. वनविभाग ‘निकृष्ट’ जमिनी शोधून देणार, कंपनी पैसे देणार, वनविभाग झाडं लावणार आणि कंपनीला झाडामागे क्रेडिट मिळणार. विरळ जंगल, झुडपी जमीन, पडीक, पाणलोट, सगळं यात येतं. म्हणून ‘निकृष्ट’ या एका शब्दाला आता भाव आलाय. आपण ज्याला गुरांचा माळ म्हणतो, शेवळाची जागा म्हणतो, प्लॉट म्हणतो, त्याला ते ‘निकृष्ट’ म्हणतात. आणि तो शब्द आपल्या ग्रामसभेच्या तोंडून वदवून घ्यायचा आहे. लहान अनुदानाच्या कागदातला पहिला मुद्दा आठवा.

समितीचा खेळ आपण आधी बघितलाय

ज्यांचं वय पन्नासच्या पुढं आहे त्यांना संयुक्त वनव्यवस्थापन आठवत असेल. १९९२ साली महाराष्ट्रात ते सुरू झालं. गावात समिती केली, वनविभागाचा माणूस सचिव. सांगितलं, जंगल राखा, उत्पन्नात वाटा देऊ. गावाने राखण केली. गावातलीच माणसं एकमेकांच्या गुरांवर, सरपणावर पाळत ठेवू लागली, भांडणं झाली. आणि वाटा? तुमच्या घरात कोणाला मिळाला असेल तर पुढच्या ग्रामसभेत उभं राहून सांगा. आजची ‘पर्यावरण समिती’ त्याच साच्यातली आहे. ग्रामसभा मोठी असते, तिथं बाया प्रश्न विचारतात, म्हातारी माणसं जुनं आठवून सांगतात. सात जणांची समिती चहावर गप्प होते.

कायदा आपल्या बाजूला आहे, वापरला तर

वनहक्क कायदा २००६ चा. त्यात नुसत्या प्लॉटचा हक्क नाही. गावाने परंपरेने राखलेलं जंगल राखण्याचा, वाढवण्याचा, त्याचं व्यवस्थापन करण्याचा हक्क कलम ३ मध्ये आहे. कलम ५ मध्ये ग्रामसभेला अधिकार आहे की जंगलाचं, पाणवठ्याचं, जनावरांचं नुकसान होईल असं काहीही थांबवायचं. कलम ४(५) सांगतं की दाव्याची चौकशी पूर्ण होईपर्यंत कोणालाही त्याच्या जमिनीवरून हटवता येणार नाही. सामूहिक वनसंसाधनाचा आराखडा ग्रामसभेने नेमलेल्या समितीने करायचा आणि ग्रामसभेने मंजूर करायचा.

गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाने हे करून दाखवलं. २००९ साली त्यांना सुमारे १८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. तरी वनविभाग बांबूच्या वाहतुकीचा पास द्यायला तयार नव्हता. गाव अडून बसलं. शेवटी एप्रिल २०११ मध्ये केंद्राचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश गावात आले आणि पासचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं. २०१३ पासून विदर्भातल्या अनेक ग्रामसभा तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः करतात. मेंढ्यात निर्णय सर्वांच्या सहमतीने होतात. बाहेरचा माणूस कितीही मोठा असला तरी ग्रामसभेने हो म्हटल्याशिवाय काम सुरू होत नाही. तिथंही बाहेरच्या माणसांची मदत झाली. पण मदतीच्या आधी अभ्यास झाला, आणि अभ्यासाच्या आधी गाव एक झालं. क्रम तोच ठेवायचा.

आमच्या अटी

म्हणून आम्ही म्हणतो, अनुदानाला आमचा विरोध नाही. हक्काच्या जागी अनुदान ठेवायला विरोध आहे. ज्यांना खरंच गावाबरोबर काम करायचं आहे त्यांनी या अटींवर यावं.

१. सगळा कागद मराठीत पाहिजे. ग्रामसभेत पूर्ण वाचला जाईल. वाचल्यानंतर निदान पंधरा दिवस विचाराला मिळतील. आठ दिवसांची घाई चालणार नाही.

२. ‘वनविभागाचे निकृष्ट वनक्षेत्र’ हे शब्द काढा. त्या जागी ‘ग्रामसभेच्या सामूहिक वनसंसाधनातील क्षेत्र’ असं लिहा आणि आमच्या दाव्याचा क्रमांक टाका.

३. ज्या प्लॉटचे दावे बाकी आहेत तिथं एकही खड्डा पडणार नाही, एकही कुंपण लागणार नाही.

४. जो पैसा कायद्याने ग्रामसभा कोषाच्या खात्यात येऊ शकतो तो तिथंच यावा. जो येऊ शकत नाही त्याचं पूर्ण अंदाजपत्रक, पगार आणि गाडीखर्च धरून, समाजमंदिराच्या भिंतीवर लावा. प्रत्येक बिल ग्रामसभेत वाचा.

५. वेगळी समिती नाही. ग्रामसभेने नेमलेली वनव्यवस्थापन समितीच काम बघेल, आणि ग्रामसभा ती बदलू शकेल.

६. कामाला मजुरी द्या, निदान रोजगार हमीच्या दराने. श्रमदान करायचं की नाही ते गाव ठरवेल.

७. झाडं कोणती लावायची ते बाया ठरवतील. मोह, आंबा, हिरडा, ऐन, बांबू. नुसता साग नाही, निलगिरी नाही. आणि आवणीच्या दिवसांत रोपं घेऊन येऊ नका, तेव्हा गावात हात रिकामा नसतो.

८. चराई, सरपण, राब, रानभाजी याचे नियम गावच करेल. कुठला भाग किती साल बंद ठेवायचा हे आम्हाला कळतं.

९. कार्बनचा कोणताही हक्क कोणालाही दिला जाणार नाही. ते कलम खोडा, मगच बोलू.

ज्या संस्थेला खरंच मदत करायची आहे तिला आम्ही कामही सांगतो. दाव्यांच्या मोजणीला जीपीएस यंत्र द्या. नकाशे काढायला शिकवा. अपिलाचे कागद लिहायला दोन माणसं द्या. तालुक्याला जायचं गाडीभाडं द्या. एका गावाचा सामूहिक हक्क मंजूर झाला तर ते जंगल पुढच्या शंभर वर्षांसाठी राखलं जाईल. याच्यापेक्षा हवामानाचं मोठं काम कोणतं?

आता काय करायचं?

ज्या दोन पाड्यांवर कागद ठेवलेत त्यांनी सही करू नये, अंगठा देऊ नये. कागद परतही करू नये, त्याची झेरॉक्स काढून संघटनेकडे द्यावी. एखाद्याने घाईत सही केली असेल तर त्याला दोष देऊ नका. ठराव ग्रामसभेचा असतो, एकट्याच्या सहीचा नसतो.

पुढच्या ग्रामसभेत हा विषय घ्या. वनहक्काच्या ग्रामसभेला गावातली निदान निम्मी प्रौढ माणसं पाहिजेत आणि हजर असलेल्यांत निदान तिसरा हिस्सा बाया पाहिजेत, हा नियम आहे. तो पाळा, म्हणजे कोणी बोट दाखवणार नाही. त्याच ग्रामसभेत तीन ठराव करा. एक, बाकी दाव्यांची यादी आणि ते कोणत्या तारखेपासून पडून आहेत. दोन, पेसाच्या ५ टक्के निधीचा हिशेब द्या अशी मागणी. तीन, वरच्या नऊ अटी. तिन्ही ठरावांच्या प्रती उपविभागीय समितीला देऊन पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय ऑफिसातून उठू नका.

ज्या गावांत वीटभट्टीवर जायची तयारी सुरू आहे त्यांनी जाण्याआधी ग्रामसभा लावा. माणसं भट्टीवर गेली की गावात म्हातारी माणसं आणि लहान पोरं उरतात, आणि नेमक्या त्याच वेळी असे कागद येतात, हे आपण दोन वर्षं बघतो आहोत.

पाऊस बदललाय, ऊन वाढलंय, हे सगळ्यात आधी आपल्याला कळलं, कारण आपलं पोट त्याच्यावर आहे. म्हणूनच याच्यावरचा उपाय आपण दुसऱ्याच्या कागदावर, दुसऱ्याच्या अटीवर करणार नाही. रोपं आपण लावू. आपल्या जमिनीत, आपल्या नावावर.

जंगल-जमीन आमच्या हक्काची!
आधी हक्क, मग अनुदान!
जोहार!